रामटेके बाबूंच्या कानांची परीक्षा

'रेकॉर्डच्या आवाजाची सर मोबाईलला नाही' एवढंच बोलून तेजराम रामटेके थांबले असते, तर पुढचं सगळं टळलं असतं. हे वाक्य ते तसं रोजच बोलत. पंचायत समितीतून बाबू म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे बोलायला दुसरं काही उरलंही नव्हतं. मोहटोल्यात त्याकडे कोणी लक्ष देत नसे. सकाळी कोंबडा आरवतो, दुपारी रामटेके बाबू रेकॉर्डविषयी बोलतात, असं गावानं धरूनच ठेवलं होतं. पण त्या रविवारी पुतण्याच्या मुलीच्या वाढदिवसाला ते आकडा बोलून बसले.

पुतण्या म्हणजे धर्मेंद्र. लग्नावरातीत डीजे वाजवतो. अड्याळपासून पवनीपर्यंत ज्यांच्या घरच्या खिडक्यांची तावदानं हलतात, त्यातली निम्मी त्यानं हलवलेली असतात. त्या दिवशी घरचंच कार्य म्हणून त्यानं नुसता डब्याएवढा स्पीकर आणला होता. त्यावर एक जुनं भीमगीत लावून तो म्हणाला, "कसं काय काकाजी? क्लिअर हाय का नाही?"

"क्लिअर तर हाय," बाबू केकचा तुकडा बाजूला ठेवत म्हणाले. "इतकं क्लिअर, का गान्याचा एक्स-रे काढला असं वाटून राहिलं. हाडं सगळी दिसतेत. मानूस कुठी हाय?"

"गानं तेच, गानारा तोच. काय फरक पडते जी?"

"तुले नाही पडत. मले पडते. डोळे बांध माहे आन दहा वेळा वाजव. रेकॉर्ड कोनती, मोबाईल कोनता, दहापैकी दहा सांगतो."

झालं. आकडा बोलला गेला. वाढदिवसाला जमलेली चाळीसेक माणसं एकदम सरसावून बसली, कारण गावाला संगीतातलं काही कळत नसलं तरी पैजेतलं सगळं कळतं.

"आन चुकले तर?" हा प्रश्न चिवड्याची परात घेऊन मागे उभ्या असलेल्या रत्नमालाबाईंचा, म्हणजे बाबूंच्या धर्मपत्नीचा होता.

"चुकलो तर मागशील ते."

"खोली," रत्नमालाबाई श्वासही न घेता म्हणाल्या.

ही खोली म्हणजे घराच्या डाव्या अंगाची आठ बाय दहाची. तिच्यात बाबूंचा रेकॉर्ड प्लेअर, पस्तीस-चाळीस रेकॉर्डी, एक खुर्ची आणि स्वतः बाबू एवढंच मावत असे. दाराला आतून कडी. रत्नमालाबाईंच्या बचत गटाला पिठाची चक्की मिळाली होती आणि ती ठेवायला जागा नाही म्हणून तीन महिन्यांपासून ओसरीत प्लास्टिक पांघरून उभी होती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पायाचा अंगठा तिला एकदा तरी धडकून गेला होता. खोलीसाठी त्यांनी गोडीनं सांगून पाहिलं, अबोला धरून पाहिला, एकदा तर वरणात मीठच टाकलं नाही. बाबू बधले नाहीत. निवृत्त माणसाला ऑफिसात टेबल राहत नाही, घरात खुर्ची राहत नाही. निदान एका कडीच्या आत आपलं राज्य असावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि तेच राज्य त्यांनी केक खाता खाता पणाला लावलं.

परीक्षा घरात घ्यायला धर्मेंद्रनं साफ नकार दिला. घरातले आवाज बाबूंच्या ओळखीचे. समाज मंदिराचं सभागृह ठरलं. अटीही त्यानंच सांगितल्या. रेकॉर्डवरूनच गाणं मोबाईलमध्ये भरायचं, म्हणजे खरखर दोन्हीकडे सारखी. दोन्ही एकाच स्पीकरमधून वाजवायचं. मध्ये चादर, चादरीमागे यंत्रं, पुढे बाबू. बाबूंनी सगळं मोठ्या मनानं कबूल केलं. "खरखर ऐकून तर कोनी बी ओळखन," ते म्हणाले. "मी आत्मा ऐकतो."

परीक्षेला पंधरा दिवस होते. बाबूंनी आत्म्याची तपासणी करायला रेकॉर्डी बाहेर काढल्या, तर निम्म्यांवर पांढरी बुरशी. आता मे महिना. मोहटोल्यात मे महिन्यात बुरशीवर एकच इलाज असतो. घरोघरच्या स्लॅबवर मिरच्या, तुरीची डाळ, गाद्या, पापड, कुरड्या असं सगळं वर्षभराचं ऊन खाऊन घेत असतं. वर्षानुवर्षं डाळीला जे चालतं ते गाण्याला का चालू नये? बाबूंनी सगळ्या रेकॉर्डी पाकिटातून काढल्या, अंगणात दोन खाटांवर ओळीनं मांडल्या आणि रत्नमालाबाईंना ताकीद दिली, "हात नाही लावाचा कोनी. अर्ध्या तासात येतो." आणि सभागृहाचा अर्ज द्यायला ते ग्रामपंचायतीत गेले.

ज्या माणसानं छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यानं सरकारी कचेरीत अर्ध्या तासात काम होईल असं धरून चालावं, याला काय म्हणावं कळत नाही.

ग्रामसेवकानं अर्जाचा नमुना पुढे सरकवला. त्यात कार्यक्रमाचे चार प्रकार छापलेले होते: लग्न, तेरवी, सभा, आरोग्य शिबिर. पाचवा प्रकार नव्हता.

"आमचा ऐकन्याचा कार्यक्रम हाय," बाबू म्हणाले.

"ते कशात बसते, सांगा. सभा म्हटली तर ठराव लागते, वरून लाऊडस्पीकरची परवानगी. लग्न म्हटलं तर नवरा-नवरीचं नाव टाका लागते."

"तेरवी?"

"तेरवीले मयताचा दाखला लागते, बाबूजी. हाय का कोनी?"

बाबूंनी क्षणभर खरोखर विचार केला. नियमाला नियम म्हणून मान देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी स्वतः कितीतरी लोकांचे अर्ज 'प्रकार नमूद नाही' असा शेरा मारून परत केले होते, आणि आता तो शेरा आपल्या कपाळावर उमटताना पाहून त्यांना नमुन्याचा राग न येता आपल्या कार्यक्रमाचीच लाज वाटू लागली.

जेवणाची सुट्टी झाली, ती संपली, शिक्का सापडेना, सापडला तर शाई वाळलेली. शेवटी ग्रामसेवकालाच दया आली. "आता तुमी कानच तपासून राहिले नं? मंग आरोग्य शिबिर टाका नं जी. त्याले भाडं नाही, ठराव नाही." त्यानं शिबिरापुढे बरोबरची खूण केली, 'कान तपासणी' असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे एक प्रत गावच्या आशा आरोग्य सेविकेकडे, रुपाकडे पाठवून दिली. त्या प्रतीकडे बाबूंचं लक्ष गेलं नाही, कारण तोवर घड्याळात दोन वाजले होते आणि त्यांना अचानक खाटा आठवल्या होत्या.

धावत घरी आले तेव्हा रेकॉर्डी जागेवरच होत्या. फक्त त्यांचा आकार बदलला होता. काहींच्या कडा वर आल्या होत्या, काही मधोमध खोल गेल्या होत्या, आणि दोन-तीन तर खाटेच्या काथ्यातून खाली वाकून अंगणात काही पडलंय का ते पाहत होत्या. कढईतून नुकत्याच काढलेल्या पापडांची परात जशी दिसते तशा त्या खाटा दिसत होत्या.

"अवो, झाकून का नाही टाकलं?" एक रेकॉर्ड उचलून बाबूंनी विचारलं.

"मी झाकनारच होती," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पन हात नाही लावाचा कोनी, असं तुमीच सांगून गेले."

 

शेजारचे इश्वरभाऊ कुंपणावरून सगळं पाहत होते. हे गृहस्थ पाच एकर धान लावतात आणि उरलेल्या वेळात सल्ला देतात. "याच्यात घाबराचं काय काम हाय?" ते म्हणाले. "माह्या घरी उन्हाळी धान आताच आला. पोत्याखाली दाबून ठेवा. आठ दिवसांत असे सपाट होतेत का पाहत राहा." त्यांच्या पत्नीनं इस्त्री सुचवली. इस्त्री एका रेकॉर्डवर फिरवून पाहिली, आणि ती रेकॉर्ड इस्त्रीसोबतच निघून गेली. मग मात्र धानच. इश्वरभाऊंच्या पडवीत खाली फळी, वर एक थर रेकॉर्डी, वर फळी, वर धानाची पोती, अशी उतरंड रचली. आठ दिवस बाबू रोज सकाळी जाऊन त्या पोत्यांना कान लावून उभे राहत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी पोती उतरवली. बऱ्याचशा रेकॉर्डी वाजण्याइतक्या सपाट झाल्या होत्या. फक्त गाणारा झोक्यावर बसून गातोय असं वाटे. अगदी मधोमध दबलेली एकच रेकॉर्ड पूर्वीसारखी निघाली, भीमगीतांच्या कव्वालीची. बाबूंनी ती छातीशी धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. धर्मेंद्रनं तिच्यावरूनच गाणं मोबाईलमध्ये भरलं.

परीक्षेच्या रविवारी सकाळी अकराला बाबू इस्त्रीचा सदरा घालून समाज मंदिरात पोचले, तर आत साठ-सत्तर म्हातारी माणसं बसलेली. मोहटोल्याची, आजूबाजूच्या गावांची, काही एस.टी.नं आलेली. दारात टेबल टाकून रुपा नावं लिहीत होती. भिंतीवर तिच्याच हातचा कागद होता: 'मोफत कान तपासणी शिबिर. ऐकण्याचे यंत्र मिळण्यासाठी नोंदणी येथे.'

"रुपा, हे काय करून राहिली?"

"तुमीच तं अर्ज केला नं काका. चार गावाले निरोप देल्ला मी. वरून म्हणाले, शिबिर झालं का तपासणीचे आकडे पाठव." तिनं रजिस्टर उघडून दाखवलं. नाव, वय, ऐकण्याची टक्केवारी. "आता तुमची जी तपासणी होईन, तीच सगळ्याईची होऊ द्या. नाही तं मी काय लिहू याच्यात?"

उन्हातून आलेल्या सत्तर माणसांना परत पाठवणं बाबूंच्या जिवावर आलं. ठरलं असं, की गाणं वाजलं की रेकॉर्ड वाटली तर उजवा हात, मोबाईल वाटला तर डावा हात. बाबू डोळे बांधून तोंडानं सांगतील, बाकीचे हातानं. रुपा प्रत्येकाचं दहापैकी किती ते लिहील.

आता कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच. इश्वरभाऊंनी माईक हातात घेतला आणि पाऊण तास सोडला नाही. सरपंचांचं स्वागत, पोलीस पाटलांचं स्वागत, चादर दिल्याबद्दल चादर देणाऱ्याचं स्वागत. विजेत्याची शाल आणि नारळ टेबलावर आधीच मांडून ठेवलेले. बाबू त्या शालीकडे पाहत होते. रंग त्यांच्याच आवडीचा होता.

सभागृहात एकच लांबलचक लाकडी टेबल. अर्धं चादरीच्या मागे, त्यावर प्लेअर आणि धर्मेंद्र; स्पीकर खाली जमिनीवर. अर्धं पुढे, त्यावर शाल, नारळ आणि शकुनबाई. शकुनबाई ऐंशीच्या. कानाशी फटाका फोडला तरी 'कोन आलं?' असं विचारणाऱ्या. बसायला जागा नव्हती म्हणून त्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून उभ्या होत्या आणि मशीन कधी देता म्हणून सगळ्यांना विचारत होत्या.

इश्वरभाऊंच्या दुपट्ट्यानं बाबूंचे डोळे बांधले. धर्मेंद्रनं चादरीमागे नाणं उडवलं. गाणं सुरू झालं.

"रेकॉर्ड!" बाबू दोन सेकंदांत म्हणाले. बरोबर. टाळ्या. दुसऱ्यांदा "मोबाईल. कोरडा हाय." तेही बरोबर. तिसऱ्यांदा "रेकॉर्ड," आणि चादरीमागून धर्मेंद्र पडेल आवाजात म्हणाला, "चुकलं काकाजी." बाबूंनी घसा खाकरला आणि दुपट्टा घट्ट करून घेतला.

चौथ्या वेळी ते जीव कानात आणून बसले.  पाच सेकंद गेले, दहा गेले. बाबूंच्या कपाळावर आठ्या पडल्या, मान हळूहळू हलू लागली, आणि मग ते अत्यंत दुःखानं म्हणाले, "मोबाईल. सूर लागून राहिला, पन जीव नाही त्याच्यात."

"काकाजी," धर्मेंद्र म्हणाला, "लाईन गेली. काहीच वाजून नाही राहिलं."

ज्यांना ऐकू येत होतं ते सगळे हसले, आणि ज्यांना येत नव्हतं ते ह्यांना हसताना पाहून हसले. डोळे बांधलेल्या माणसाला हसणारे चेहरे दिसत नाहीत, एवढंच एक सुख. पण कोण किती जोरात हसतं ते चांगलंच कळतं, आणि सगळ्यांत आधी थांबलेलं हसणं रत्नमालाबाईंचं होतं हेही बाबूंना कळलं. ते का थांबलं असावं, हा विचार त्यांनी पुढे ढकलला.

लाईन आली. ती फेरी पुन्हा घेतली. दहा पूर्ण झाल्या. रुपानं बेरजा करून रजिस्टर वाचलं. तेजराम रामटेके, दहापैकी पाच. माईकवर सतत बोलत असलेले इश्वरभाऊ, दहापैकी सहा. मंगरू म्हणून एक म्हातारा भिंतीला टेकून गाढ झोपला होता आणि त्याची बायकोच कधी त्याचा हा हात वर करायची, कधी तो, त्यालाही सहा.

"आन शकुनबाई," रुपा थांबली, पुन्हा बेरीज केली. "दहापैकी दहा."

 बाबूंनी डोळ्यांवरचा दुपट्टा काढला. इश्वरभाऊ शकुनबाईंच्या कानाशी जाऊन ओरडले, "मावशी, कसं वळखलं वो तुमी?"

"काय?"

"गानं! कसं वळखलं?"

"गानं कोनतं बाप्पा?" शकुनबाई म्हणाल्या. "मले काई आयकू नाही आलं. सगळे हात करून राहिले म्हून मी बी करो. कोपर गुरगुरलं का उजवा हात. नाही गुरगुरलं का डावा."

प्लेअरची मोटर फिरली की टेबल थरथरे, आणि शकुनबाईंची कोपरं त्या टेबलावर होती. आत्मा ऐकणारे बाबू तीन हातांवर खुर्चीत बसले होते. शाल शकुनबाईंच्या खांद्यावर गेली, नारळ त्यांच्या ओटीत. त्या म्हणाल्या, "हे ठीक हाय. पन मशीन?"

इथे खरी पंचाईत झाली. "मशीन नाही भेटत," रुपा हळूच म्हणाली. "दहापैकी दहा म्हंजे शंभर टक्के आयकू येते."

"अवं पोरी, त्याईच्या कानाशी बॉम्ब फुटला तरी आयकू नाही येत!" इश्वरभाऊ म्हणाले.

"मले समजते जी. पन सत्तर लोकाईसमोर तपासणी झाली. आता खोडलं तं उद्या मलेच विचारतीन." तिनं पुढची ओळ भरली. रामटेके तेजराम, ऐकण्याची क्षमता पन्नास टक्के, यंत्रासाठी शिफारस. आणि सहीसाठी रजिस्टर बाबूंपुढे ठेवलं. बाबूंनी मुकाट्यानं सही केली. रजिस्टर बिनचूक भरलेलं होतं, त्यात बोट ठेवायला जागाच नव्हती.

बाबू शब्दाला पक्के. त्याच संध्याकाळी त्यांनी दाराची आतली कडी स्क्रू-ड्रायव्हरनं स्वतः काढली, प्लेअर उचलून ओसरीत ठेवला आणि चक्की आत नेऊ दिली. रत्नमालाबाई "उद्या पाहू नं जी" म्हणाल्या, तर म्हणाले, "नाही. आजच." त्या रात्री ते जेवले नाहीत. भूक नव्हती असं नाही, पण हरलेल्या माणसानं लगेच दोन पोळ्या खाणं त्यांना बरं दिसलं नाही.

चक्की जोरात चालली. सकाळी नऊपासून बाया डबे घेऊन येत. पण घरची विजेची लाईन एवढीशी. चक्की सुरू झाली की पंखा मंदावे, आणि प्लेअर लावला तर गाणारा उन्हात चालून थकल्यासारखा शब्द ओढत बसे. एकदा करून पाहिलं, पुन्हा बाबूंनी केलं नाही. खोली तिची, म्हणजे लाईनही तिची. चार महिने प्लेअरवर रत्नमालाबाईंचा जुना टॉवेल झाकलेला होता आणि त्यावर पिठाचा थर जमत होता. रेकॉर्डविषयी बाबू आता एक अक्षर बोलत नसत. गावाला दुपार झालेली कळेनाशी झाली.

धान निसवून लोंब्या दिसू लागल्या तेव्हा रुपा एक डबी घेऊन आली. बाबूंच्या नावानं ऐकण्याचं यंत्र मंजूर होऊन आलं होतं. बाबूंनी पावती दिली आणि लगेच पत्नीला विचारलं, "शकुनबाई दळन घेऊन कधी येते वो?"

शकुनबाई दुपारी आल्या. ओसरीत गल्लीतली कामिनी आणि आणखी दोघी आपापल्या डब्यांवर बसल्या होत्या. आत चक्की धडधडत होती. बाबूंनी यंत्र स्वतःच्या हातानं शकुनबाईंच्या कानात बसवलं आणि बटण फिरवलं. म्हातारी दचकून उभीच राहिली.

"हे काय वाजून राहिलं माय?"

"चक्की," बाबू म्हणाले.

"रोजच वाजते का असं?"

"रोज," बाबू म्हणाले, आणि त्या एका शब्दात चार महिने होते.

मग त्यांचा हात आपोआप त्या टॉवेलकडे गेला आणि तिथेच थांबला. दहापैकी दहा मिळवणाऱ्या बाईनं एकदा तरी खरं गाणं ऐकावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण चक्की थांबव म्हणून सांगायला तोंड उघडेना. इतक्यात चक्कीच थांबली. रत्नमालाबाई आतून कोरडेपणानं म्हणाल्या, "गरम झाली वाटते. राहू दे जराशी."

बाबूंनी टॉवेल काढला. कव्वालीची रेकॉर्ड लावली, पिन टेकवली. शकुनबाई डोळे मिटून ऐकू लागल्या. बाबू त्यांच्या चेहऱ्याकडे असे पाहत होते, जसा दहावीचा मुलगा निकालाच्या कागदाकडे पाहतो. दोन ओळी झाल्या. शकुनबाईंनी डोळे उघडले.

"खरखर करते," त्या म्हणाल्या. "मशीन खराब देल्ली का रे बाबू मले?"

कामिनी पदर तोंडाला लावून हसली. बाबूही हसले. मग त्यांनी वाकून पिन उचलली आणि टॉवेल हातात घेतला.  चक्की पुन्हा सुरू व्हायला हवी होती, पण झाली नाही. रत्नमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हात कोपरापर्यंत पांढरे.

"काहून बंद केलं जी?"

"तुहं दळन खोळंबते."

"दळनाचं मी पाहते. लावा."

"अवो मामी," कामिनी म्हणाली, "माहं अर्धंच झालं नं. घरी पाहुने आले, पोया कराच्या हायेत."

रत्नमालाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि भिंतीला पाठ टेकली.

"बस गुमान," त्या म्हणाल्या. "एक बाजू होऊ दे."